चिपच्या भावात अडकलेली खोली

माझ्या दुकानात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेले प्रोसेसर मी त्यात कागदात गुंडाळून ठेवायचो. बाकी मेलेल्या मालासाठी पोती होती. मदरबोर्ड मरायचे, हार्ड डिस्क मरायच्या, आणि पॉवर सप्लायचं तर विचारूच नका, एकातून मी भाजलेली पाल काढलेली आहे. रॅम खोडरबराने घासली की चार महिने चालायची आणि पुन्हा रुसायची. पण डब्यातला प्रोसेसर कधीही काढा, बोर्डावर बसवा, चालायचाच. नाशिकला द्वारकेजवळच्या एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात मी बावीस वर्षं कॉम्प्युटर जोडून विकले. एवढ्या वर्षांत प्रोसेसर गेला म्हणून एकही गिऱ्हाईक माझ्याकडे परत आलं नाही.

हे मी लोकांना छाती फुगवून सांगायचो. आता आठवलं की माझीच मला चीड येते, कारण या एका गोष्टीच्या जोरावर मी बायकोचे पैसे त्या प्रोसेसर बनवणाऱ्या परदेशी कंपनीत घातले. ते पैसे कुठून आले आणि कशासाठी होते, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

बायको सटाण्याची. वडील गेल्यावर तिच्या भावाने हक्कसोड पत्राचे कागद तयार केले. आमच्याकडे रीत अशी की बहिणीने तालुक्याच्या कचेरीत जाऊन वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही करायची, भावाच्या घरी गोडाचं जेवायचं आणि साडी घेऊन सासरी परतायचं. कोणी जबरदस्ती करत नाही. पण सही केली नाही तर माहेर तुटतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्या दोन्ही बहिणींनी माझ्यासाठी अशीच सही केली आहे, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

बायकोने सही केली नाही. तिला सही करू नको म्हणून सांगणारी तिची आईच होती. सासूबाई मुलाकडे राहायच्या आणि तिथे त्यांचं सुनेशी पटत नव्हतं. मारहाण नव्हती, उपासमार नव्हती, नुसता अबोला होता. ताट पुढे सरकवलं जायचं, पण कोणी जेवा म्हणायचं नाही. आमच्याकडे नाशिकला कायमचं या, असं मीही म्हणालो होतो, मनापासून म्हणालो होतो. त्यावर त्या हसून म्हणाल्या, “जवाईना घर कितला दिन राहू?” जुन्या वळणाची बाई. लेकीकडे आल्या तरी तिसऱ्या दिवशी पिशवी भरायच्या.

तेव्हा मायलेकींनी मिळून एक मार्ग काढला होता. हिश्शाचे पैसे घ्यायचे आणि त्यातून सटाण्यातच बायकोच्या नावावर एक खोली घ्यायची. ते घर जावयाचंही नाही आणि मुलाचंही नाही. सासूबाई तिथे राहतील, गावातल्या गावात, ओळखीच्या बायांत, आणि लेक महिन्यातले आठ-दहा दिवस जाऊन येईल. भावाने कुरकुर करत, चार लोक मध्ये घालून, पैसे दिले. त्या दिवसापासून तो बायकोशी बोलेनासा झाला.

खोली बघायला आम्ही दोघं गेलो होतो. बस स्टँडच्या मागे, तळमजल्यावर, पुढे छोटा ओटा. वरच्या मजल्यावरची स्वस्त होती, पण आईचे गुडघे, म्हणून तिने ती पाहिलीही नाही. आईची खाट कुठे येईल ते तिने पावलं टाकून मोजलं. खिडकीतून रस्ता दिसत होता, बाजार समितीकडे निघालेल्या कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. ती मला म्हणाली, “आईला बसल्या जागी माणसं दिसतील.” मालक टोकन मागत होता. रक्कम आमच्याकडे होती, थोडी उरलीही असती. मी त्याला म्हणालो, आठ दिवसांत कळवतो.

ते आठ दिवस अजून संपलेले नाहीत.

टाळेबंदी नुकतीच सैल झाली होती. गेली सात-आठ वर्षं माझं दुकान नुसतं श्वास घेत होतं. मोबाईल कानामागून आला आणि तिखट झाला. पूर्वी बापाने मुलाला दहावीनंतर कॉम्प्युटर घेऊन द्यायचा असे, आता मुलं बापाला मोबाईल शिकवत होती. शेजारचे तीन गाळे एकापाठोपाठ एक मोबाईलचे झाले, कव्हरं आणि काचा विकणारे. आणि मग टाळेबंदीत सगळ्यांच्या शाळा घरात आल्या, ऑफिसं घरात आली, आणि माझ्या दुकानाच्या पायऱ्यांवर पुन्हा रांग लागली. सिन्नरच्या कारखान्यातले साहेब स्वतः गाडी घेऊन आले. डब्यातला दहा-दहा वर्षांचा प्रोसेसर काढून मी मशिनं जोडून दिली आणि ती चालली. मला वाटलं, बघा, मी म्हणत नव्हतो? मोबाईल हे खेळणं आहे, काम करायला लोक शेवटी आमच्याकडेच येणार.

तेव्हा त्या कंपनीचा विचार डोक्यात शिरला. शेअर मला फार कळत नाहीत, पण ही कंपनी मला कळते, असं माझं म्हणणं. मी तिचा वार्षिक अहवाल छापून आणला आणि दुपारी दुकानात शब्दकोश घेऊन वाचला. खरंच वाचला, पेन्सिलीने खुणा करून. मग वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डाव्या बाजूला घेण्याची कारणं लिहिली. भाव इतर चिप कंपन्यांच्या मानाने स्वस्त होता. लाभांश नियमित मिळत होता. मोबाईल कितीही वाढले तरी त्यांच्यामागे कुठेतरी मोठाली मशिनं लागतात, सगळ्यांचे फोटो आणि हिशेब तिथे साठतात, आणि त्या मशिनांत याच कंपनीच्या चिप होत्या. हे कारण मला फार हुशारीचं वाटलं होतं, मी त्याखाली दोन रेघा ओढल्या. आणि सगळ्यात शेवटी लिहिलं, माल मरत नाही.

उजव्या बाजूला मी एकच शब्द लिहिला, मोबाईल. त्याच्यापुढे काही लिहिलं नाही. अहवालात मात्र सगळं होतं. मोबाईलच्या चिप दुसरेच बनवत होते. यांनी उशिरा हात घातला होता, वरातीमागून घोडं, आणि नंतर ते काम बंदही केलं होतं. दुसरे लोक मोबाईलसाठी शिकले ते आता मोठ्या मशिनांसाठी वापरू लागले होते. हे मी वाचलं, खूण केली आणि पान उलटलं. बावीस वर्षं ज्या वस्तूची पूजा केली तिला तराजूत टाकायला माझा हात धजला नाही. पूजा म्हणजे शब्दशः पूजा. खंडेनवमीला सुतार करवतीची करतो, तशी मी पाटावर स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर आणि डब्यातला एक प्रोसेसर मांडायचो. झेंडूची फुलं वाहायचो, हळद पिनांना लागू नये म्हणून जरा लांबूनच बोट टेकवायचो. गिऱ्हाईक हसायचे. मी हसत नसे.

बायकोला मी पान दाखवलं. ती मेथी निवडत होती. तिने चष्मा लावून डावी बाजू पूर्ण वाचली आणि विचारलं, “आपल्या घरातला कॉम्प्युटर मी शेवटचा कधी लावला?”

मी म्हणालो, त्याचा इथे काय संबंध.

“लाईट बिल मी मोबाईलवर भरते. भिशी मोबाईलवर. आई मोबाईलवर दिसते. कॉम्प्युटरवर मी इस्त्रीचे कपडे ठेवते,” ती म्हणाली. तिनेच शिवलेलं झालर लावलेलं कव्हर होतं त्याच्यावर. मग तिने मेथीची काडी मोडत आणखी एक विचारलं, “तुमचा माल मरत नाही म्हणता. मग गिऱ्हाईक परत येणार कशाला? आपल्या लेकीने तीन वर्षांत दोन मोबाईल बदलले.”

या बाईने शेअर बाजाराचं तोंड पाहिलेलं नव्हतं. अख्ख्या अहवालात मला जे दिसलं नाही ते तिने मेथी निवडता निवडता सांगितलं, आणि मी काय केलं, तर चिडलो. तुला धंद्यातलं काय कळतं, असं म्हणालो. ज्या ॲपवरून ते परदेशी शेअर घ्यायचे ते ॲप मोबाईलवरच सुरू होत होतं, दुकानातल्या कॉम्प्युटरवर नाही. तेही तिने बघितलं. “हे तुम्ही मोबाईलवरूनच घेताय ना?” एवढंच विचारलं. तिच्या आवाजात टोमणा होता की काळजी, हे मी तेव्हा ऐकूनच घेतलं नाही.

तरी ती हो म्हणाली. का म्हणाली हे मी पुष्कळदा मनात उगाळलं आहे. दुकान चालत नसतानाची माझी सात वर्षं तिने पाहिली होती. कशावर तरी मी पुन्हा पहिल्यासारखा तावातावाने बोलत होतो, त्यावर पाणी ओतायला तिला जड गेलं असावं. दोन वर्षं, मी म्हणालो, दोन वर्षांत एका खोलीच्या दोन होतील, आत संडास-बाथरूम असलेल्या. खातं माझ्या नावाने उघडलं, दोन खाती कशाला म्हणून. भावाकडून भांडून घेतलेले पैसे अशा रीतीने नवऱ्याच्या नावावर झाले, आणि त्यात काही चुकतंय हे मला जाणवलंही नाही.

आधी अर्धे घातले. चार महिने भाव चढला आणि मी घरात पेढे आणले. मग उतरायला लागला. रांगा संपल्या होत्या. ज्यांना कॉम्प्युटर घ्यायचे होते त्यांनी टाळेबंदीत घेऊन टाकले होते आणि ते, अर्थातच, बिघडत नव्हते. भाव बराच खाली आल्यावर मी उरलेले अर्धेही घातले. स्वस्तात मिळताहेत, खरेदीची सरासरी किंमत खाली येईल, असा हिशेब. हे मी बायकोला विचारून केलं नाही. ते अर्धे बँकेत आहेत असं ती आणखी वर्षभर, मी सांगेपर्यंत, समजत होती.

मग कंपनीने लाभांश कमी केला, आणि नंतर थांबवला. भाव मी घातलेल्याच्या निम्म्यावर आला. सकाळी उठल्यावर तोंड धुवायच्या आधी मी तो आकडा बघायचो. मला त्या कंपनीचा राग येत नसे, हे विचित्र आहे. मला मोबाईलवर बोट फिरवत चालणाऱ्या माणसांचा राग यायचा. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचा राग यायचा. खरं सांगायचं तर मी गुंतवणूक केलीच नव्हती. माझी बावीस वर्षं फुकट गेली नाहीत असं कोणीतरी मोठ्याने म्हणावं, एवढंच मला हवं होतं, आणि त्याची किंमत मी दुसऱ्याच्या खिशातून मोजली.

याच काळात दुकान बंद झालं. गाळा मोबाईलच्या कव्हरवाल्याने घेतला. पोती भंगारात दिली, डबा घरी आणला. आता मी सिन्नरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरची देखभाल करतो, रोज जाऊन-येऊन.

दर रविवारी सकाळी बायकोचा आईला फोन असायचा. भावाच्या घरातला कोणी लहानगा मोबाईल धरायचा आणि पडद्यावर सासूबाईंचं कपाळ आणि छत दिसायचं. मी पेपर वाचत बसलेला असायचो, ऐकू यायचं. ख्यालीखुशाली झाली की सासूबाई आवाज बारीक करून विचारायच्या, “खोली व्हयनी का वं?” बायको आत निघून जायची, दार लोटून घ्यायची. पुढचं मला ऐकू येत नसे. फोन झाला की ती बाहेर येऊन माझ्याकडे बघायची. “कसं चाललंय?”

“वाढताहेत,” मी म्हणायचो. “थांब जरा. आत्ता काढणं म्हणजे मूर्खपणा.”

पहिल्यांदा म्हणालो तेव्हा ते खरं होतं. नंतरच्या प्रत्येक रविवारी मी खोटं बोललो. तिला आकडा दाखवायला मला लाज वाटत होती, आणि दर आठवड्याला ती लाज थोडी वाढत होती, तेवढीच काय ती वाढ.

निम्म्या पैशांतही वरच्या मजल्यावरची खोली आली असती, किंवा एखादी भाड्याने घेता आली असती. सासूबाईंना आम्ही दोघांनी धरून जिना चढवला असता. हे तेव्हा सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण त्यासाठी तोटा मान्य करावा लागला असता.

सासूबाई थंडीत गेल्या. सकाळी चुलीजवळ पाणी तापवायला बसल्या होत्या, तिथेच कलंडल्या. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. मेव्हणा माझ्याशी दोन शब्द बोलला, बहिणीशी नाही. दहाव्यापर्यंत आम्ही स्टँडजवळच्या लॉजमध्ये राहिलो. माहेरच्या गावात बायको लॉजमध्ये राहिली, आणि लॉजच्या खिडकीतून तोच कांद्याच्या ट्रॅक्टरांचा रस्ता दिसत होता. ती खोली कधीच विकली गेली होती. ओट्यावर कोणाचे तरी पापड वाळत होते.

दहाव्याला बायकोने भावाकडे आईची गोधडी मागितली. सगळ्यांसमोर तो म्हणाला, “तुना हिस्सा तू लई गयी. आते आठे काय शे तुनं?” निघताना वहिनी दारापर्यंत आली. जिच्याशी इतकी वर्षं पटलं नाही तीच ही बाई. तिने खुंटीवरची सासूबाईंची एक पिशवी काढून बायकोच्या हातात दिली आणि म्हणाली, “तुमना खोलीसाठे बांधी ठेयेल व्हतं.”

पिशवी बायकोने बसमध्ये उघडली. दोन लुगडी, तांब्या, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, आणि कागदात बांधलेलं हळकुंड. वाटेतलं देवळा गाव येईपर्यंत ती ते मांडीवर घेऊन बसली होती. मी खिडकीबाहेर बघत होतो.

नंतर आकडा तिने विचारला नाही आणि मी सांगितला नाही. पिशवी आमच्या स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेली असते.

गेल्या काही महिन्यांत तो भाव वर आला. का आला ते मला सांगता येणार नाही, पडला तेव्हाही कळलं नव्हतं. आधी हळूहळू, मग उड्या मारत. एका रविवारी सकाळी बघतो तर घातलेले सगळे भरून निघाले होते, वर थोडे जास्त. मला काय झालं होतं कोण जाणे, मी आनंदलो होतो. शाळेत पास झालेल्या पोरासारखा मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि तिच्यापुढे धरला. म्हणालो, तुझे सगळे परत आले. बघ.

तिने हात पुसले, चष्मा लावला आणि आकडा नीट वाचला.

“आई गेली तेव्हा किती होते?” तिने विचारलं.

आता खोटं बोलून काही वाचणार नव्हतं. “निम्मे,” मी म्हणालो. “निम्म्याहून कमीच.”

“आणि त्याच्या आधीच्या वर्षी?”

“तेव्हाही.”

“तुम्ही वाढताहेत म्हणायचात.”

“हो.”

तिने चष्मा काढला. रडली नाही. ती रडली असती, ओरडली असती, तर मला सोपं गेलं असतं.

“मी आत जाऊन आईला तेच सांगायचे,” ती म्हणाली. “वाढताहेत म्हणून. ती म्हणायची, वाढू दे माय, मी थांबस.”

मोबाईल तिने माझ्या हातात परत दिला आणि गॅसवरचं दूध बघायला वळली. शेअर मी अजून विकलेले नाहीत. ती विका म्हणत नाही, आणि विकून काय करायचं ते मला ठरवता येत नाही.